डोंगरवाटेवरचं पळणं: सरावाचा आठवडा, शर्यतीचा आठवडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डांबरी रस्त्यावर १० किलोमीटर न थांबता पळता येतात, आठवड्याला ३० ते ४० किलोमीटर होतात आणि आता डोंगरातली पहिली शर्यत खुणावते आहे, अशा मराठवाड्यातल्या पळणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. समोर शर्यत धरली आहे ती साधारण २१ किलोमीटरची, ७०० ते ९०० मीटर चढाची.

मराठवाड्यात डोंगर आहेतच कुठं? सराव कशावर करायचा?

आहेत, फक्त सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत. उत्तरेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, खाली बालाघाट आणि पार पूर्वेला माहूरचे डोंगर. संभाजीनगरकरांची चंगळ आहे: लेण्यांजवळची गोगाबाबा टेकडी, हनुमान टेकडी, सुट्टीच्या दिवशी खुलताबादकडं सुलीभंजन आणि म्हैसमाळ. कन्नड-सोयगावला गौताळ्याचा परिसर आणि वेताळवाडीचा किल्ला. बीडला कपिलधार आणि सौताड्याकडचा भाग, धाराशिवला येडशी-रामलिंग, हिंगोलीला औंढ्याच्या आसपासच्या टेकड्या, लातूरला उदगीरजवळचं हत्तीबेट.

परभणीकरांची मात्र खरीच पंचाईत आहे. त्यांनी लाजायचं नाही, जिने धरायचे. एक मजला साधारण ३ मीटर. चार मजले २० वेळा चढलं की २४० मीटर होतात. उतरतानाही लिफ्ट नाही, कारण उतरणं हाच अर्धा सराव आहे. कालव्याचा भराव आणि उड्डाणपूल आहेतच. लोक बघतात, बघू द्या.

आपल्याकडं खरी उणीव आहे ती लांबलचक सलग चढाची. बारी गावातून कळसूबाईला (१,६४६ मीटर) जाताना ९०० मीटरच्या आसपास एका दमात चढावं लागतं. आपल्या टेकड्या शे-दोनशे मीटरमध्ये संपतात, म्हणून तीच टेकडी पुन्हा पुन्हा. सह्याद्रीतल्या शर्यतीला जायचं असेल, तर आधी एकदा तरी तिकडच्या मोठ्या चढावर चालून या.

किलोमीटर मोजायचे की चढ?

दोन्ही, आणि त्याहून महत्त्वाचा वेळ. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग असोसिएशनचा हिशोब सोपा आहे: दर १०० मीटर चढ म्हणजे वरचा १ किलोमीटर. २१ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ म्हणजे २१ + ९ = ३०. त्यामुळं "माझी हाफ मॅरेथॉन दोन तासांची आहे" हे इथं सांगू नका. सपाटीवर ३० किलोमीटरला किती लागतील ते सांगा. वाटेत घसारा (पायाखाली सरकणारा बारीक मुरूम) आणि गोटे असतील तर त्यावर आणखी वेळ धरा.

मोबाईलच्या जीपीएसवर चढाच्या आकड्यासाठी विसंबू नका. सपाट शेतातूनही तो शंभर मीटर चढ दाखवतो. हवेचा दाब मोजणारं घड्याळ बरं. त्याहून बरं म्हणजे टेकडीच्या पायथ्याची आणि माथ्याची उंची नकाशावरून एकदा काढून ठेवायची आणि फेऱ्यांनी गुणायची. टेकडी ६० मीटरची आणि फेऱ्या आठ, तर ४८० मीटर. यात घड्याळ खोटं बोलू शकत नाही.

नेहमीच्या सरावाचा आठवडा कसा असावा?

सोमवारी विश्रांती. खरी विश्रांती, "थोडंसं पळून येतो" वाली नाही.

मंगळवारी चढाच्या फेऱ्या: १५ मिनिटं हळू पळून अंग गरम, मग ८ ते १२ टक्के चढावर (१०० मीटर पुढं गेल्यावर ८ ते १२ मीटर वर) दोन ते तीन मिनिटं जोर लावून वर, चालत खाली. अशा सहा फेऱ्या. चार आठवड्यांत आठवर जा. शेवटची फेरी पहिलीपेक्षा दहा सेकंदांहून जास्त हळू झाली, तर पहिली फेरी जास्तच जोरात मारली होती.

बुधवारी ४५ मिनिटं अगदी सावकाश, गप्पा मारता येतील असं. त्यानंतर २० मिनिटं ताकदीचा व्यायाम: पायरीवरून एका पायानं हळूहळू खाली उतरणं (प्रत्येकी १० वेळा, तीन फेऱ्या), टाचा उचलणं (१५ वेळा, तीन फेऱ्या), प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरून ठेवणं). पायरीचा व्यायाम कंटाळवाणा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात.

गुरुवारी चढउताराच्या कच्च्या रस्त्यावर तासभर. मधली २० मिनिटं शर्यतीच्या जोरानं. शुक्रवारी विश्रांती. शनिवारी मोठी धाव: अडीच ते तीन तास, ५०० ते ७०० मीटर चढ, शर्यतीचेच बूट, तीच पाठपिशवी, तेच खाणं. रविवारी थकल्या पायांनी तासभर हळू. शर्यतीच्या शेवटच्या तासात पाय कसे वागतात ते या रविवारीच कळतं.

तीन आठवडे वाढवत न्यायचं, चौथ्या आठवड्यात एकूण वेळ साधारण एक तृतीयांशानं कमी करायचा. असे तीन फेर, म्हणजे १२ आठवडे, पहिल्या शर्यतीला पुरतात.

चढावर चाललं तर कमीपणा नाही का?

नाही. ठराविक चढानंतर पळणं आणि झपाझप चालणं यांचा वेग जवळपास सारखाच होतो, पण पळताना दम जास्त जातो. चढ १५ टक्क्यांच्या पुढं गेला की बहुतेकांनी चालावं. तेही बाजारात चालल्यासारखं नाही: कंबरेतून थोडं पुढं झुकायचं, तळवे गुडघ्यांच्या वर मांडीवर ठेवून प्रत्येक पावलाला दाबायचं, पावलं छोटी. खूण साधी आहे. पूर्ण वाक्य बोलता आलं नाही की पळणं थांबवून चालू लागा. आणि चालण्याचाही सराव करा. पळणाऱ्यांना तो नसतो आणि पोटऱ्या त्याचा हिशोब चुकता करतात.

उतारावर सगळे माझ्या पुढं का निघून जातात?

याच प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण डोंगरातल्या शर्यती चढावर कमी आणि उतारावर जास्त हरल्या जातात.

आधी शरीराचं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो. त्यानं स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते, म्हणून दुखणं त्या दिवशी नसतं, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना येतं. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लक्षात ठेवतो: एकदा बेतानं उतरून दुखवून घेतलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारानं तेवढं दुखत नाही. सपाटीवर महिन्याला दोनशे किलोमीटर पळणाऱ्याचे पाय पहिल्याच डोंगरी शर्यतीत पंधराव्या किलोमीटरला लाकूड होतात, ते याच कारणानं. छाती तयार असते, मांड्या नसतात.

आता तंत्र. नजर पायाच्या अंगठ्यावर नको, तीन ते पाच मीटर पुढं हवी. पाय कुठं पडणार ते दोन पावलं आधी ठरलेलं असतं. पावलं छोटी आणि झटपट, पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढं नाही. गुडघा कधीच ताठ नको. हात डोंबाऱ्यासारखे बाजूला मोकळे. सगळ्यात अवघड म्हणजे मागं न रेलणं. भीतीनं माणूस मागं रेलतो, वजन टाचेवर जातं, टाच सुटते आणि माणूस बसतो.

आपल्या डोंगरांची एक खास खोड आहे. बेसॉल्टच्या कडक कातळावर बारीक मुरमाचा थर पसरलेला असतो, फरशीवर ज्वारी सांडल्यासारखा. त्यावर ब्रेक लावला की दाणे गडगडतात. इलाज दोन: एक तर कातळात रुतलेला दगड, गवताचा बुंधा, वाटेची खडबडीत कड असं काहीतरी धरून पाय टाकायचा, नाहीतर पाऊल टेकल्या टेकल्या उचलायचं, वजन त्यावर ठरू द्यायचंच नाही. ज्या दगडाची खालची ताजी, मातकट बाजू वर आलेली दिसते तो आधीच कुणाच्या तरी पायानं हललेला आहे. त्यावर पाय नको.

सराव असा: पहिल्या आठवड्यात हलक्या उतारावर ६० ते ९० सेकंदांच्या चार फेऱ्या, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यापासून घसारा, चौथ्यापासून मोठ्या धावेच्या शेवटी. शेवटी यासाठी, की पडायची वेळ तीच असते. पाय पुरेसा उचलला जात नाही, बुटाचं नाक दगडाला लागतं.

बूट कोणते? रस्त्याचे चालणार नाहीत का?

कोरड्या मुरमाच्या वाटेवर पहिले दोन-चार वेळा चालतील. पुढं ट्रेलचे, म्हणजे डोंगरवाटेसाठी बनवलेले घ्या. कोरड्या कातळासाठी तळाच्या दातांची खोली ४ ते ५ मिलिमीटर पुरे. जास्त खोल दात कातळावर डुगडुगतात आणि लवकर झिजतात. बोटांपुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. खरेदी संध्याकाळी, सरावाचे मोजे घालून करा, कारण दिवसभरात पाय फुगलेला असतो. उतारावर पाय पुढं सरकून नखं काळी होतात, त्यावर उपाय लेसचा: सगळ्यात वरच्या, बहुतेक रिकाम्याच राहणाऱ्या छिद्रातून त्याच बाजूला एक कडी करायची, समोरची लेस तिच्यातून ओवून मग आवळायची. टाच जागच्या जागी बसते.

आणि कुसळं. पावसाळा सरला की वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यात शिरतात आणि चालताना आत आतच जातात. दाट विणीचे, घोट्याच्या वर येणारे मोजे घाला, त्यावर पातळ गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापड) चढवा. उलट्या दिशेनं ओढलं की कुसळ तुटतं; चिमट्यानं बुडाशी धरून, शिरलं त्याच रेषेत मागं काढायचं. बाभळीच्या काट्यावर मात्र कुठल्याच बुटाचा इलाज नाही. बांधाशेजारी तोडून टाकलेल्या फांद्या दिसल्या की लांबून जा.

पाणी किती, मीठ किती?

तासाला ४०० ते ८०० मिली. थंडीत खालचा आकडा, उन्हात वरचा. स्वतःचा आकडा काढायचा तर तासाभराच्या धावेआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं आणि मध्ये ३०० मिली प्यायलात, तर घाम साधारण १.३ लिटर गेला. तेवढं सगळं परत प्यायचं नसतं, पण अंदाज येतो.

घरचं मिश्रण: १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, वर लिंबू. दुकानातून ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघा. एक पाकीट जेवढ्या पाण्याचं असेल तेवढ्याच पाण्यात टाका. "स्ट्राँग" करायला गेलात की पोट बिघडलंच.

उलटी चूकही होते. तीन-चार तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं: मळमळ, डोकं जड, बोटं सुजलेली, बोलणं भरकटलेलं. असा माणूस तहानलेला समजून त्याला आणखी पाणी पाजू नका. तो दवाखान्याचा रुग्ण आहे.

धावताना खायचं काय? जेल परवडत नाहीत.

नका घेऊ. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, ती कशातून गेली हे मांडीला कळत नाही. तीन तासांच्या शर्यतीला तासाला ४५ धरले तर १३५ ग्रॅम लागतात. दोन मध्यम केळी (साधारण ५०), ४० ग्रॅम गूळ (साधारण ३८), बिया काढलेला ५० ग्रॅम खजूर (साधारण ३७) आणि पाण्यात दोन चमचे साखर (१०). झाले. गुळाचे सुपारीएवढे खडे करून बटर पेपरमध्ये वेगवेगळे गुंडाळा. एकाच पिशवीत टाकलेत तर दहाव्या किलोमीटरला ढेप हातात येईल. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट असली तरी तिच्यातलं तेल पोटात रेंगाळतं, ती चालायच्या टप्प्यावर खा.

पहिला घास ३० ते ४० मिनिटांनी, भूक लागायची वाट न बघता. गूळ कोरडा खाऊ नका, वर दोन घोट पाणी हवंच.

उन्हाळ्यात सराव बंद ठेवायचा का?

बंद नाही, आवळायचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि काळा कातळ दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत गरम राहतो, म्हणून संध्याकाळी सहाचा डोंगर पहाटे पाचच्या डोंगरापेक्षा कितीतरी वाईट. पाच ते सात एवढीच वेळ. उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात वेग विसरा, मिनिटं मोजा. याच दिवसांत काळ्या रानात हातभर भेगा पडलेल्या असतात. शॉर्टकट म्हणून नांगरट तुडवू नका, घोटा अडकतो.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. घाम चालू असला तरीही. सावली, कपडे सैल, हाताशी असेल तेवढं पाणी डोक्यावर, मानेवर, काखेत, जांघेत ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. क्रम हाच: आधी गार करणं, मग वाहतूक.

आणि पावसाळ्यात?

दोन शत्रू: काळी माती आणि वीज. चार पावलांत बुटाला किलोभर गोळा लागतो, दात भरून जातात आणि बूट स्केट होतो. पाऊस उघडल्यावरही पांदीतली वाट दोन दिवस टाळा, मुरमाचा डोंगर धरा. त्यावरून पाणी लगेच निथळतं. धबधब्याशेजारच्या शेवाळावर जगातला कुठलाही तळवा टिकत नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात दरवर्षी विजेनं माणसं आणि जनावरं जातात. गडगडाट ऐकू आला की माथा, सोंड, एकटं झाड, पाण्याचं टाकं, तारेचं कुंपण सगळं सोडून खाली. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत वर जायचं नाही. त्या दिवशीचा सराव बुडाला तर बुडाला.

बिबट्या, साप, कुत्री?

याच क्रमानं विचारतात. प्रत्यक्षात त्रास उलट्या क्रमानं होतो.

वस्तीवरची आणि मेंढरांच्या कळपाची कुत्री रोजची आहेत. पळणं थांबवा, चाला, कळपाला वळसा घाला, धनगराला लांबूनच आवाज द्या. तो एक हाक मारतो आणि प्रश्न मिटतो. दगड उचलायला वाकणं ही शेवटची युक्ती. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

कडे, लेणी, किल्ल्यांच्या कमानी इथं आग्या मोहोळ असतं. तिथं आरडाओरडा नको, उग्र वासाचा स्प्रे नको, धूर तर नकोच. उठलंच तर तोंड झाकून सरळ लांब पळा. इथं मात्र पळणं उपयोगी पडतं.

घोणस आणि फुरसं वाटेवर, दगडाखाली, गवतात असतात. अंधारात कमरेचा किंवा डोक्याचा दिवा हवाच, आणि बसताना दगड आधी काठीनं हलवा. दंश झाला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, उचलून न्या. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला निघतानाच फोन करून प्रतिविष आहे का विचारा.

बिबट्या गौताळ्यासारख्या भागात आहे. पहाटेच्या अंधारात एकट्यानं जाऊ नका, कानात इयरफोन नको, समोर आला तर पळू नका, खाली बसू नका.

परवानगी लागते का?

अभयारण्यात वन विभागाची लागते. गटानं जायचं असेल तर आधी लेखी अर्ज द्या. देवगिरीसारख्या तिकिटाच्या किल्ल्यांवर सराव करूच नका. पायऱ्या अरुंद, पर्यटक भरपूर, आणि अंधारीत (किल्ल्यातल्या काळोख्या बोगद्यात) तर चालायचीच पंचाईत. शेतातून जाताना बांधावरून जा, हरभऱ्यात पाय नको, फाटक होतं तसं लावा. शेतकऱ्याला रामराम घातला की पाणीही मिळतं आणि वाटही.

शर्यत रविवारी आहे. आधीचे सहा दिवस काय करू?

नवीन काहीच नाही. या आठवड्यात ताकद वाढत नाही, फक्त घालवता येते. जोराचा शेवटचा उतार शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधीच झालेला असला पाहिजे.

सोमवार: विश्रांती, हवं तर अर्धा तास चालणं. मंगळवार: ४५ मिनिटं, त्यात शर्यतीच्या जोरानं दोन-दोन मिनिटांचे चार चढ, खाली चालत. बुधवार: ३० ते ४० मिनिटं सपाटीवर, पायांचा ताकदीचा व्यायाम आता बंद. गुरुवार: विश्रांती, पिशवी भरून तपासणं, नखं कापणं. नखं शनिवारी रात्री कापू नका. एखादं खोल गेलं तर दोन दिवस भरायला मिळाले पाहिजेत. शुक्रवार: २५ मिनिटं हळू, शेवटी १५ सेकंदांच्या चार झपाट्याच्या धावा. शनिवार: प्रवास, नंबर घेणं, मार्गाची माहिती ऐकणं. उभ्यानं तीन-तीन तास गप्पा मारत फिरू नका.

झोप गुरुवार-शुक्रवारची महत्त्वाची. शनिवारी रात्री झोप लागत नाहीच, त्याचा बाऊ नको.

शनिवारी जेवायला काय?

रोजची ज्वारीची भाकरी उत्तम, पण तिच्यातला चोथा या एका दिवसापुरता कमी करायचा. दुपारी भात-वरण, बटाटा, थोडं दही. रात्री साडेसातच्या आत तेच कमी प्रमाणात. येसराची आमटी, ठेचा, वांग्याचं भरीत रविवारी रात्रीसाठी राखून ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच शर्यती हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या हुरड्याच्या दिवसांत येतात. शनिवारी दुपारी शेतात हुरडा पार्टीला बोलावतील. जा, बसा, आणि हुरडा खाऊ नका. ज्यांनी खाल्ला ते रविवारी आठव्या किलोमीटरला झुडूप शोधत होते.

सकाळी सहाची शर्यत असेल तर पहाटेचं वेळापत्रक?

पावणेचारला उठणं, चहा. चारला खाणं: छोटी बशी पोहे, तिखट न घातलेले, आणि एक केळं; किंवा सरावात जे चाललं ते. पाचपर्यंत घोटाघोटानं ४०० ते ५०० मिली पाणी. पाच वीसला शौचाची रांग, ती नेहमी वाटते त्यापेक्षा मोठी असते. काख, मांड्या, स्तनाग्रं, पिशवीचे पट्टे घासतात तिथं व्हॅसलीन. पाच पस्तीसला दहा मिनिटं हळू पळणं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. जुना शर्ट वरून घाला आणि सुरुवातीला सोबतच्या माणसाकडं द्या.

पिशवीत: १.५ लिटर पाण्याची सोय, वर मोजलेलं खाणं, ओआरएसचं एक पाकीट, शिट्टी, क्रेप बँडेज, चार्ज केलेला मोबाईल, थोडी रोकड, टोपी, पातळ विंडचीटर. आयोजकांची सक्तीची यादी वेगळी असेल तर ती आधी.

शर्यतीत वेग कसा ठेवू?

पहिला एक तृतीयांश असा पळा की लोक पुढं गेले तरी चालेल. एकेरी वाट सुरू होण्याआधीची ढकलाढकली मोह घालते. तिथं घेतलेल्या दहा जागांच्या बदल्यात पुढं पंचवीस हातच्या जातात. मधला तृतीयांश चढावर चालून, उतारावर हलके पाय ठेवून. जोर शेवटच्या भागात.

मागून कुणी "डावीकडून!" म्हणालं की थांबून बाजूला व्हा, उतरणाऱ्याला आधी वाट. खुणेची फीत पाच मिनिटं दिसली नाही तर पुढं "असेल इकडंच" करत जाऊ नका. शेवटची दिसली होती तिथं परत या. गुराख्यांच्या वाटा सगळ्या सारख्याच दिसतात आणि सगळ्या पाणवठ्याला जातात.

घोटा मुरगळला तर?

चार पावलं टाका. वजन पेलवत नसेल, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून कळ येत असेल, तर शर्यत तिथंच संपली, एक्स-रे काढा. पेलवत असेल तर बूट न काढता वरून क्रेप बँडेज बांधा. बूट काढला की सूज येते आणि परत चढत नाही. दुखणं दाबायला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शर्यतीआधी किंवा मध्ये घेऊ नका; पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडावर ताण आणतात.

एकाच आठवड्यात दोन शर्यती पळता येतील?

बुधवारी छोटी, फक्त चढाची आणि रविवारी मोठी, असं जमतं, कारण चढ मांड्या तेवढ्या फोडत नाही. उताराच्या दोन शर्यती एका आठवड्यात नकोत. फ्रान्समधल्या शामोनीला ऑगस्टअखेरीस आठवडाभर निरनिराळ्या अंतरांच्या शर्यती चालतात, तिथंही बहुतेक जण एकच निवडतात. त्यातली मुख्य शर्यत यूटीएमबी, २००३ पासूनची, माँ ब्लाँला प्रदक्षिणा घालत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशी साधारण १७० किलोमीटर आणि १०,००० मीटरच्या आसपास चढाची. आपल्या ६० मीटरच्या टेकडीच्या १६७ फेऱ्या. तिथं पोचायची घाई नाही.

शर्यतीनंतरचा आठवडा?

सोमवार ते बुधवार चालणं, झोप, पोटभर जेवण. जिना उलटं तोंड करून उतरावा लागला तर घाबरू नका, ते तिसऱ्या दिवसानंतर ओसरायला लागतं. लघवी कोकमासारखी किंवा काळ्या चहासारखी झाली तर मात्र वाट बघू नका. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची ती खूण असते, थेट दवाखाना. गुरुवारी ३० मिनिटं सपाटीवर. उतार दहा दिवसांनी.

काळ्या मातीनं भरलेले बूट कसे धुवायचे?

ओले असताना धुवू नका, माती जाळीत आणखी मुरते. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग दोन्ही बूट तळाला तळ लावून आपटा. निम्मी माती ढेकळं होऊन गळते. दातांतली राहिलेली जुन्या टूथब्रशनं काढा. इनसोल आणि लेस वेगळ्या धुवा, बूट साध्या पाण्यानं, मशीनमध्ये नाही. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. पत्र्यावर उन्हात ठेवलेत तर तळवा चिकटवलेल्या जागी सुटायला लागतो. अस्तरात अडकलेली कुसळं बोटानं चाचपून काढल्याशिवाय बूट पुन्हा घालू नका.